प्रदीपदादाच्या कपाटातली बाटली

ओटाहुहु या उपनगरातल्या त्या घरात रविवारी सकाळी साडेआठ वाजता वंदना व्हायची. मामा आंघोळ करून पांढरा शर्ट घालायचे, टीव्हीच्या वरच्या फळीवरची बुद्धमूर्ती ओल्या फडक्याने पुसायचे आणि मेणबत्ती लावायचे. अगरबत्तीच्या धुराने छतावरचा स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून मामी अंगणाकडचं सरकतं दार उघडून ठेवायची, त्यामुळे हिवाळ्यात आम्ही सगळे गोधड्या पांघरून त्रिशरण म्हणायचो. मग पंचशील. मामा एकेक शील म्हणायचे आणि आम्ही त्यांच्यामागून. पाचव्या शिलाला, म्हणजे मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याच्या शिलाला, त्यांचा आवाज किंचित चढायचा. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दारूनेच गेले होते. अकोल्याहून निघताना आईने विमानतळावर माझा हात धरून एवढंच सांगितलं होतं, ‘‘भावाच्या घरी चाललास. त्याच्या घरात बाटली येत नाही, एवढं लक्षात ठेव.’’ मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो.

घरात आम्ही पाच जण होतो. मामा बसच्या डेपोत मेकॅनिक. शोभामामी वृद्धाश्रमात केअरगिव्हर. त्यांची मुलगी अस्मिता आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. मी शिकायला आलेला भाचा. आणि मामीचा धाकटा भाऊ प्रदीप, ज्याला मी प्रदीपदादा म्हणायचो. तो तिशीचा होता, एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा. त्याच्या सगळ्या शर्टांना बाह्यांवर ठिणग्यांची बारीक भोकं होती. आम्ही दोघं मागच्या खोलीत राहायचो. दोन खाटा आणि एकच कपाट. तो माझ्या आधी आलेला, म्हणून घरात सगळे त्या कपाटाला ‘प्रदीपमामाचं कपाट’ म्हणायचे. खालचे दोन खण माझे होते, तरीही.

प्रदीपदादा अकोल्यात सहा वर्षं प्यायचा. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, एकदा नाल्यात पडला तेव्हा लोकांनी ओळखून घरी आणला. मामीने मामांना सांगून त्याला इथे आणवला. ‘‘त्याची जबाबदारी माझी,’’ असं ती म्हणाली होती, आणि हे वाक्य मामा अधूनमधून तिला परत ऐकवायचे. मी आलो तेव्हा त्याला सोडून तीन वर्षं झाली होती. तो चहा फार प्यायचा. पहाटे पाचला उठून पातेल्यात आलं ठेचून टाकायचा, ते ठेचण्याचा आवाज भिंतीतून यायचा आणि मामी अंथरुणातूनच म्हणायची, ‘‘पद्या, पाटा फोडशील.’’ मग तिलाही एक कप जायचा. बहीणभावाचं नातं काय असतं हे मी त्या कपावरून शिकलो. मला बहीण नाही.

मी शहरात एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायला लागलो होतो. चौदा टेबलं. मालकीण सिल्वाना, साठीची, विधवा, उंब्रिया नावाच्या डोंगराळ प्रांतातून नवऱ्याबरोबर आलेली. भांड्यांवरून मी वाइनपर्यंत कसा गेलो ते सांगतो, कारण त्यातच पुढचं सगळं आहे. एके दिवशी मी फ्रिजमधली क्रीमची बरणी हातात घेऊन तिला म्हणालो की ही उद्या खराब होणार. तिने चाखली, तिला चांगली लागली. दुसऱ्या दिवशी क्रीम फाटलं. मग सिल्वानाने मला एकेक गोष्ट हुंगायला देणं सुरू केलं. तुळशीसारखं दिसणारं बेसिल, जुनं आणि नवं ऑलिव्ह तेल, ताजे आणि शिळे शिंपले. माझं नाक बरं होतं. ते आईचं आहे. डाळ लागायच्या आधी तिला बाहेरच्या खोलीत कळायचं.

एक दिवस तिने माझ्यापुढे वाइनचा ग्लास ठेवला. मिलिंदचं तिने तोवर मिलो केलं होतं.

‘‘मी पीत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मी कुठे पी म्हणाले, मिलो? पिणारा वेटर मला नकोच आहे.’’ तिने शेजारी स्टीलचं भांडं ठेवलं, आमच्याकडे पूर्वी पिकदाणी असायची तसं. ‘‘तोंडात घे, फिरव, थुंक. धंद्यातली माणसं थुंकतात.’’

मी विचार केला. शील मादक पदार्थापासून दूर राहण्याचं आहे. जे पोटात गेलं नाही, ज्याने नशा आली नाही, त्याने शील कसं मोडेल? माझा हा युक्तिवाद आजही मला पुरतो. गेली वीसहून अधिक वर्षं मी रेस्टॉरंटांसाठी वाइन निवडण्याचं काम करतो आणि एक थेंबही गिळलेला नाही. त्याच शहराच्या उत्तरेला, अल्बनीतल्या आमच्या घरी माझी मुलगी अजून विचारते, ‘‘बाबा, यू डोंट ईव्हन ड्रिंक, सो हाऊ डू यू नो?’’ मी तिला नाक दाखवतो. पण युक्तिवाद एवढा भक्कम होता तर मी तो त्याच आठवड्यात मामांना का नाही सांगितला, हे मला कोणी विचारलं नाही. घरी मी ‘किचनमध्ये आहे’ एवढंच म्हणत राहिलो. पहिले चार महिने ते खरं होतं. नंतर ते खरं राहिलं नाही आणि मी वाक्य बदललं नाही.

तो ग्लास ओर्व्हिएतोचा होता, म्हणजे त्या नावाच्या गावच्या पांढऱ्या वाइनचा. सिल्वानाच्या माहेरच्या बाजूला, ज्वालामुखीच्या राखेचा दगड होऊन तयार झालेल्या एका उंच कड्यावर ते गाव आहे. खाली दगडात लोकांनी खोदलेल्या गुहा आहेत आणि वाइन पूर्वी तिथेच मुरायची. ही वाइन एका द्राक्षाची नसते. मुख्य द्राक्षं दोन. प्रोकानिको भरपूर येतं, त्याला आंबटपणा असतो, पण स्वतःचं असं फारसं काही म्हणणं नसतं. ग्रेकेत्तो कमी येतं, पण अंग त्याचं आणि शेवटी जिभेच्या मागे राहणारा कडवटपणाही त्याचाच. त्यात आणखी एकदोन स्थानिक द्राक्षं थोडी थोडी, प्रत्येक घराच्या हिशेबाने. रंग वाळलेल्या गवताचा. वास हिरव्या सफरचंदाचा, नासपतीचा. आणि तो कडवटपणा, सिल्वाना त्याला बदामाचा म्हणायची. मी कडू बदाम कधी खाल्ला नव्हता. मला तो कारळाच्या चटणीचा वाटला, फार दुरून आलेला.

‘‘ही काही हुशार वाइन नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हिच्यावर कोणी भाषण करत नाही. ही जेवणाला बोलू देते. पण जेवण चुकलं तर लगेच चुगली करते.’’ तिच्या घरी ही तळ्यातल्या माशांबरोबर, बडीशेप आणि लसूण भरून भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर, वालासारख्या दिसणाऱ्या कोवळ्या हिरव्या दाण्यांबरोबर आणि मेंढीच्या चीजबरोबर घ्यायचे. इथे ती स्नॅपर मासा, शिंपले आणि शतावरीच्या कोंबांबरोबर द्यायची. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवायची, कारण फार गार असली की ती मुकी होते.

तिची एक पद्धत होती. टेबलावर उघडून अर्धी राहिलेली बाटली ती होऊ घातलेल्या वेटरला घरी न्यायला लावायची. तुमच्या घरी जे शिजतं त्याच्यासोबत चाखा आणि वहीत तीन ओळी लिहून आणा. बाहेरचं कोणी सांगितलेलं नको. मला तिने निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. मी नाही म्हणायला हवं होतं. ‘आमच्या घरात बाटली येत नाही’ एवढं साधं वाक्य होतं, आणि सिल्वाना अशी बाई होती की तिने ते ऐकून मान डोलावली असती. पण मला भांड्यांपाशीच अडकून राहायचं नव्हतं. मी बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातली, ट्रेनने ओटाहुहुला आणली आणि कपाटातल्या माझ्या खणात, स्वेटरांच्या मागे आडवी ठेवली.

शनिवारी दुपारी घर रिकामं असायचं. मामी आश्रमात, मामा डेपोत, अस्मिता पोहायला, प्रदीपदादा वर्कशॉपमध्ये. मी फ्रिजमधलं आदल्या दिवशीचं जेवण छोट्या वाट्यांत काढायचो, स्टीलच्या पेल्यात दोन बोटं वाइन ओतायचो, आणि एक घास, एक घोट, मग सिंकमध्ये चूळ. दोन बाटल्या अशा झाल्या, तिसरी अर्धी होती. वही माझ्याकडे अजून आहे. ‘सुकट परतलेली: वाइन गंजलेल्या खिळ्यासारखी लागते. कधीही नको.’ ‘रस्सा, तर्रीचा: वाइनचं पाणी होतं.’ ‘मेथीची भाजी, भाकरी: कडूवर कडू, पण वाईट नाही.’ आणि एका पानावर, खाली दोन रेघा ओढून: ‘मुगाचं साधं वरण, भात, तूप, लिंबू. आणि मामीने तांदळाच्या पिठात तळलेला स्नॅपर. दोन्हींसोबत उत्तम. कडवटपणा नाहीसा होतो, लिंबू गोड वाटतं.’ सिल्वानाने ते वाचलं, तांदळाचं पीठ आणून मला मासा तळायला लावला आणि पुढच्या आठवड्यात मला भांड्यांवरून काढून टेबलांवर घेतलं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या दोन रेघांवर उभं आहे. मामीला कोणी विचारलं नव्हतं.

बाटली अस्मिताला सापडली. मंगळवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी शाळेत पोहायचं होतं आणि तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, मिळत नव्हते. धुतलेले कपडे मामी कधी कधी आमच्या खोलीत टाकायची म्हणून ती तिथे शोधायला गेली. आम्ही जेवायला बसलो होतो. आतून तिचा आवाज आला, अगदी साधा, काहीतरी गंमत सापडल्यासारखा, ‘‘डॅड, देअर्ज अ बॉटल इन प्रदीपमामाज कबर्ड.’’

मामा उठले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती होती. त्यांनी ती भाकरीच्या डब्याशेजारी ठेवली. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल तसाच. अर्धी बाटली. आमच्या घरात अर्धी बाटली याचा अर्थ एकच होता, उरलेली अर्धी कोणाच्या तरी पोटात गेली. सिंकमध्येही जाऊ शकते हे तिथे कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

‘‘शोभा,’’ मामा म्हणाले, ‘‘जबाबदारी तुझी होती.’’

मामीने बाटलीकडे पाहिलंच नाही. ती प्रदीपदादाकडे पाहत होती. ‘‘पद्या, तू माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास.’’

‘‘ताई...’’

‘‘काही बोलू नकोस. सकाळी चहा घेऊन यायचास तो तोंडाचा वास झाकायला, होय? आणि मी वेडी सगळ्यांना सांगते, माझा भाऊ सुधारला.’’

प्रदीपदादाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही. रागाने नाही. मला त्या नजरेचं वर्णन करता आलं तर मी हे प्रकरण दहा वर्षांपूर्वीच लिहिलं असतं. एवढंच सांगतो की तो थांबला होता. माझ्या तोंडात घास होता. घास गिळला की बोलायचं, असं मी ठरवलं. वाक्यही तयार होतं, ‘ती माझी आहे, पण मी प्यायलेलो नाही.’ मी घास चावत राहिलो. मग तो गिळला, आणि तोवर प्रदीपदादा म्हणाला, ‘‘ठीक आहे.’’ त्याने पानातली भाकरी संपवली, ताट उचललं, घासलं आणि खोलीत गेला. मामांनी बाटली सिंकमध्ये ओतली. सगळ्या स्वयंपाकघरात सफरचंदाचा वास पसरला आणि मामी म्हणाली, ‘‘किती घाण वास आहे.’’

खोलीत आम्ही दोघं होतो. त्याने मला काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही, आणि तो विचारत नाही याचा मला राग आला, हेही इथे लिहून ठेवतो.

रविवारी वंदना झाली. सगळे होते. मी चौथं शील म्हटलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, आणि पाचवंही म्हटलं. प्रदीपदादाचा आवाज नेहमीसारखा स्पष्ट होता. दुपारी तो वेलिंग्टनच्या बसने गेला. तिथे एका ओळखीच्याने काम बघून दिलं होतं. मामी दारापर्यंत गेली नाही. ती ओट्याशी पाठ करून कणीक मळत होती, आणि त्या घरात त्या दिवशी पोळ्या होणारच नव्हत्या, भाकरी झालेल्या होत्या. पुढे सोमवारपासून पहाटे आलं ठेचल्याचा आवाज आला नाही. मी आणखी दोन वर्षं तिथे राहिलो. सगळं कपाट मला मिळालं.

बहीणभाऊ एकमेकांशी बोलायचे, तुटलं नाही. पण ते नात्यातल्या कोणाच्या लग्नाबद्दल, कोणाच्या आजारपणाबद्दल बोलायचे. त्याने वेलिंग्टनमध्ये बस चालवायला घेतली, लग्न केलं, त्याला मुलगा झाला. मामी बारशाला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. घरी आल्यावर अस्मिताला म्हणाली, ‘‘फ्रिज उघडून बघितला मी. काही नव्हतं. पण लपवायला माणूस कुठेही लपवतो.’’ मी तिथे बसलो होतो.

बऱ्याच वर्षांनी कामासाठी वेलिंग्टनला गेलो तेव्हा मी त्याला भेटलो. त्याच्या फ्लॅटमध्ये, चढावर, वाऱ्याने खिडकी थरथरत होती. त्याने आल्याचा चहा केला. मी सुरुवात केली, ‘‘दादा, ती बाटली...’’

‘‘तुझी होती. मला तेव्हाच कळलं. कपाट दोघांचं, माझी नाही म्हणजे तुझी. यात हुशारी काय?’’

‘‘मग तू बोलला का नाहीस?’’

‘‘तुझ्याबद्दल काय बोलायचं होतं? पोरगा होतास, घाबरलास.’’ त्याने बशीत चहा ओतला. ‘‘मला ताईचं लागलं. तिने विचारलं नाही रे. तिने सांगितलं. चार वर्षं होत आली होती मला, मी दिवस मोजत होतो, तिला माहीत होतं. तिच्या मनात मी अजून नाल्यातच पडलेला होतो. मग बाटली कोणाची हे सिद्ध करून मी काय मिळवणार होतो?’’

मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘मला नको सांगूस. मला माहीतच आहे. ताईला सांग.’’

मी हो म्हणालो. आणि त्यानंतर आणखी नऊ वर्षं गेली. या नऊ वर्षांसाठी माझ्याकडे कुठलाही युक्तिवाद नाही. एकवीस वर्षांचा पोरगा घाबरला असं त्याने म्हटलं, ते मी स्वीकारू शकतो. पण चाळिशीतला माणूस दर दिवाळीला आणि दर बुद्धपौर्णिमेला मामीच्या हातचं जेवून उठत होता. खरं सांगायचं तर मी मामांची वाट पाहत होतो. ते असताना सांगायची हिंमत नव्हती. ते गेल्या वर्षी गेले. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की बहिणीचा मुलगा स्वच्छ आणि बायकोचा भाऊ लबाड.

परवाच्या शनिवारी मी ओटाहुहुला गेलो. मामी आता अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात म्हणून ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय. ती तांदळाच्या पिठात स्नॅपर तळत होती. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, पहिल्यापासून. सिल्वाना, वही, टॉवेल, शनिवारच्या दुपारी, अस्मिताचे टॉग्ज. मध्ये तिने एकदाही वळून पाहिलं नाही. तुकडा उलटायची वेळ झाली तेव्हा उलटला. माझं संपल्यावर तिने गॅस बंद केला.

‘‘तू प्यायचास?’’

‘‘नाही मामी. एक थेंबही नाही. चव घेऊन थुंकायचो. माझं काम होतं ते.’’

‘‘प्यायला नव्हतास.’’

‘‘नाही.’’

‘‘मग बोलायला काय झालं होतं?’’

पंचवीस वर्षांत मी हा प्रश्न सोडून बाकी सगळ्यांची उत्तरं तयार ठेवली होती. पाचवं शील मोडलं नाही, मोडलं नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत होतो. ते खरंच होतं. त्यामुळेच तर मला गप्प राहायला काही कारण उरत नव्हतं.

मामीने हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘‘चष्मा आत आहे. पद्याला लाव.’’

मी लावला, आणि तिला नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर ठेवला. ती फोनकडे वाकून, आश्रमातल्या म्हाताऱ्यांशी बोलायची तशा मोठ्या आवाजात म्हणाली, ‘‘पद्या, ताई बोलतेय. ती बाटली मिलिंदची होती.’’

पलीकडे बसच्या इंजिनाचा आवाज असावा, किंवा वारा. ‘‘माहीत आहे, ताई.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस मला?’’

‘‘तू विचारलं नाहीस.’’

मामीने ओट्यावर सांडलेलं पीठ बोटाने एका जागी गोळा केलं. मग म्हणाली, ‘‘नाही विचारलं. विचारायला हवं होतं.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘हवं होतं.’’

त्यानंतरचं बोलणं ती स्पीकर बंद करून, आतल्या खोलीत जाऊन बोलली. मी स्वयंपाकघरात उभा होतो. कढईतलं तेल गार होत होतं. सिंक तेच आहे, फक्त नळ बदललाय. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, तिने चष्मा लावला होता आणि चेहरा धुतला होता. तिने गॅस पुन्हा पेटवला, तेल तापायची वाट पाहिली आणि उरलेले दोन तुकडे सोडले.

‘‘पुढच्या शनिवारी येतोय तो,’’ ती म्हणाली. ‘‘बायको-मुलाला घेऊन. तू येऊ नकोस.’’

‘‘बरं.’’

‘‘त्याच्या पुढच्या शनिवारी ये. आणि येताना ती वही घेऊन ये. माझ्या हातच्या जेवणाबद्दल त्या बाईला काय काय लिहून दिलंस ते मला वाचून दाखव.’’

तिने एकच ताट घेतलं, स्वतःसाठी, आणि जेवायला बसली. मी बूट घातले आणि सरकतं दार मागे लावून घेतलं.